स्कारामूश (१९५२) पाहिला. आता कादंबरी वाचावी का?

निवांत:
परवा घरात सगळ्यांनी बसून 'स्कारामूश' पाहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला, दिग्दर्शक जॉर्ज सिडनीचा, नायक स्टुअर्ट ग्रेंजर आणि खलनायक मेल फेररवाला. मुलांना जुने पिक्चर म्हणजे शिक्षा वाटते, पण शेवटच्या द्वंद्वाला धाकट्याने मोबाइल खाली ठेवला. नाट्यगृहात बॉक्सच्या कठड्यावरून, जिन्यावरून, मग थेट रंगमंचावर, आणि पार्श्वसंगीत अजिबात नाही. नुसता पात्यांचा खणखणाट.

एक मात्र खटकलं. ज्याच्या रक्तासाठी नायक दोन तास तळमळतोय तो मार्क्वी (म्हणजे फ्रेंच सरदार) त्याचा सावत्र भाऊ निघतो, आणि एवढी मोठी गोष्ट दोन वाक्यांत उरकून टाकतात. राफाएल सबातिनीच्या मूळ कादंबरीत (१९२१) असंच आहे का? असेल तर वाचायचा उत्साह नाही. शेवट फोडलात तरी चालेल.

फॉइलवाली:
कादंबरी वाचलेली नाही, मी फक्त द्वंद्वाबद्दल बोलते. कॉलेजात फॉइल (तलवारबाजीतला एक प्रकार) खेळायचे. बाद फेरीत आम्हाला तीन मिनिटं झाली की एक मिनिट विश्रांती मिळायची. हे दोघं सहा मिनिटांहून जास्त वेळ सलग खेळतात! हालचाली कॅमेऱ्यासाठी मोठ्या केल्यात हे उघड आहे. खऱ्या बाउटमध्ये (सामन्यात) एवढा हात उघडा टाकला तर समोरचा टच, म्हणजे गुण, घेऊन मोकळा. हे सगळं बसवलंय बेल्जियमच्या ज्याँ हेरेमान्सने. पुन्हा पाहाल तेव्हा तलवारी सोडा आणि फेररचे पाय बघा. तो मुळात नर्तक, ते लपत नाही.

आणि त्यातला गुरू सांगतो ना, की तलवार पाखरासारखी धर, आवळलीस तर गुदमरेल, ढिली सोडलीस तर उडून जाईल? आमचे सरही हेच सांगायचे. कुठून उचललं होतं ते आता कळलं.

जुना वकील:
पुढे रहस्यभेद आहे, नको असेल त्यांनी खाली जावं.

कादंबरीत मार्क्वी भाऊ नाही, बाप आहे. भाऊ केला की मार्क्वीही नायकाच्या वयाचा घेता येतो आणि दोघांना तोडीस तोड लढवता येतं, असा हिशेब असावा. तो मला समजतो.

माझा राग वेगळा आहे. कादंबरीतला आंद्रे-लुई मोरो आमच्या पेशातला, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या गाव्रियाकचा वकील. सिनेमावाल्यांनी त्याचा झगा उतरवून त्याला बायकांमागे फिरणारा छचोर करून टाकलं. मुळात प्रकरण सुरू होतं एका गरिबापासून. मार्क्वीच्या रानातला पक्षी उचलला म्हणून त्याला गोळी घातलेली असते. त्याच्या बाजूने बोलायला जातो आंद्रेचा मित्र फिलिप, पाद्री व्हायला निघालेला, तलवारीचा गंधही नसलेला. मार्क्वी त्याला डिवचून द्वंद्वाला उभं करतो आणि मारतो. का, तर पोरगं फार प्रभावी बोलतं.

आंद्रे रेन शहरात जाऊन राजाच्या अधिकाऱ्यापुढे फिर्याद मांडतो. तालुका कोर्टात आयुष्य गेलं माझं, अर्ज कसे झटकतात ते मला कोणी शिकवायला नको, पण तो प्रसंग वाचताना हात शिवशिवतात. मार्क्वीचं नाव निघालं की फिर्याद हाच उद्धटपणा ठरतो. मग हा गडी बाहेर येऊन गर्दीपुढे उभा राहतो आणि मेलेल्या मित्राचे विचार मांडतो. गंमत म्हणजे त्याला स्वतःला ते विचार पटलेले नाहीत! अशिलाची बाजू मांडावी तशी मांडतो, आणि लोक पेटतात. हे सिनेमात नाही म्हणजे काहीच नाही.

मार्क्वीशी द्वंद्व होतं, पण पॅरिसजवळच्या बुआ द बुलोनच्या रानात, आणि मार्क्वी हाताला जखम होऊन वाचतो. खरा सामना ऑगस्ट १७९२मध्ये. राजवाड्यावर जमाव चालून गेलाय, मार्क्वी जीव वाचवायला एका बाईच्या घरी आलेला, आंद्रेही तिथेच पोचतो. पिस्तूल बाहेर निघतं आणि ती बाई तोंड उघडते. ती आंद्रेची आई.

निवांत:
बाप रे. मग अलीन, ती नायिका? तिला बहीण समजून तो पिक्चरभर झुरतो ते?

जुना वकील:
ती भानगड सिनेमाची. कादंबरीत ती त्याच्या धर्मपित्याची पुतणी. मार्क्वीला तिच्याशी लग्न करायचंय, ते मात्र आहे.

कंदील:
रेक्स इंग्रॅमचा १९२३चा मूकपटही बघा, रामोन नोव्हारोचा. त्यात बापाला बापच ठेवलंय. पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे. वकीलसाहेब भाषणांवर खूश असले तरी मला मधला, आंद्रे पळून फिरत्या नाटक मंडळीत शिरतो तो भाग जास्त आवडतो. जुन्या नाटकांतला माल आपला म्हणून कसा खपवायचा यावर आंद्रे आणि मालक बिने यांची हुज्जत धमाल आहे. पुढे नान्त शहरातल्या थिएटरात स्कारामूशच्या (त्या नाटकांतलं एक विनोदी पात्र) वेशातला आंद्रे मार्क्वीला बॉक्समध्ये बघतो आणि अख्खा प्रेक्षकवर्ग त्याच्यावर सोडतो. सिनेमातलं थिएटरचं द्वंद्व इथूनच सुचलं असणार.

निवांत:
उतरवून घेतलं. तलवार साधारण कुठे सुरू होते?

जुना वकील:
तिसऱ्या भागात. पहिला वकिलीचा आहे, तो गाळू नका.