मदत हवी आहे: ईमेल पत्ता चालू केला, तरी गेटवे ४५० (तात्पुरता नकार) देतोय

पुढे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरचा गेटवे, मागे मेलबॉक्सचा सर्व्हर. गेटवेवर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट लावलंय, म्हणजे मागचा सर्व्हर ज्याला हो म्हणत नाही तो पत्ता गेटवे नाकारतो. बदली झालेल्या एका मॅडमचा बंद पत्ता मागे परत चालू करून फॉरवर्ड लावला. मागच्या सर्व्हरला थेट टेलनेटने जोडून विचारलं की २५० (होकार) येतो, गेटवे मात्र ४५०वरच अडून बसलाय. बहुतेक व्हेरिफायच्या (पत्ते तपासणाऱ्या पोस्टफिक्सच्या भागाच्या) कॅशमध्ये जुना नकार पडून आहे. डीफॉल्टला तो ३ तासांनी पुन्हा तपासला जातो. साहेबांना तेवढा दम नाही!

सगळा कॅश न उडवता ही एकच नोंद कशी काढायची? व्हेरिफाय चालू असताना पोस्टमॅपने (पोस्टफिक्सच्या डेटाबेस फाइल बदलायच्या कमांडने) हात घातला तर फाइल बिघडेल ना?

शिवाय आधीच्या फॉरवर्डवर एसपीएफ (पाठवणाऱ्या डोमेनला तो आयपी चालतो का ही तपासणी) फेल होतो: पाठवणारा मूळचा, आयपी आमचा. एसआरएस (फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या डोमेनचा करून लिहिणं) कोणी लावलंय का?