विषय: अफगाण कुटुंबासाठी थंडीचे कपडे

प्रेषक: सचिव, मराठी मंडळ, ओंटारिओ, कॅनडा

सप्रेम नमस्कार,
आपल्या गावात काबूल सोडून आलेलं एक कुटुंब राहायला आलं आहे. आईवडील, आजी आणि तीन मुलं. धाकटी चार वर्षांची. नव्याने आलेल्यांना मदत करणाऱ्या इथल्या संस्थेने सगळ्याच मंडळांना हातभार लावाल का, असं विचारलंय. सरकारकडून त्यांना साधारण वर्षभर खर्चापुरते पैसे मिळतात. पण बसचा पास कुठे काढायचा, शाळेतून आलेल्या कागदावर सही कुठे करायची, हे कुणीतरी सोबत बसूनच दाखवावं लागतं. शनिवारी गणपतीचं सामान ठेवतो त्या गॅरेजमध्ये कपडे गोळा करू. कोट, बूट, हातमोजे. धुतलेले आणि चेन नीट लागणारे आणावेत ही विनंती.

प्रेषक: एक सभासद, सध्या मुक्काम नेरूळ

नमस्कार. सुटीवर आहे, म्हणून उशिरा वाचलं. कपडे माझ्या घरून जरूर न्या, बायकोला सांगून ठेवतो. पण एक विचारतो, राग नसावा. आपलं मंडळ मराठी माणसांसाठी आहे. आपली मुलं शिकायला येतात, एकेका तळघरात चौघं-चौघं राहतात, त्यांच्याकडे आपण किती बघतो? वर्गणी यात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेषक: माजी खजिनदार, सध्या मुक्काम कोपरी, ठाणे पूर्व

सचिवदादा आणि नेरूळकर भाऊ,
मुलांबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं. त्याची वेगळी यादी करू, मी स्वतः फोन करते. वर्गणीला मात्र हात लावायची वेळ येईल असं मला वाटत नाही, कारण या कुटुंबाला जे लागणार आहे ते बहुतेक पैशाचं नाहीच.

मी सध्या आईकडे आहे. आमची कोपरी म्हणजे सिंधी कॉलनी. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजींकडे आजही गेलं की आधी पापड आणि पाणी पुढे येतं, मग बोलणं. हे लोक फाळणीनंतर कराचीहून बोटीने, कुणी रेल्वेने, अंगावरच्या कपड्यांनिशी आले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी रिकामी पडली होती, तिथल्या बराकींत हजारो कुटुंबं राहिली. दोन घरांमधली भिंत म्हणजे टांगलेलं गोणपाट. त्याच छावणीचं ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर झालं. तिथले लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असंच म्हणतात.

माझी आजी तेव्हा कल्याणला पारनाक्यावर राहायची. शेजारच्या दोघींना घेऊन ती टांग्याने कॅम्पात डबे न्यायची, झुणका-भाकरी, कधी खिचडी. एका बराकीत एक बाई होती, पोरं लहान, नवरा दिवसभर काम शोधायला मुंबईत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या बाईने डबा घेतलाच नाही. आजीला वाटलं, काही चुकलं का? एकमेकींची भाषा येत नव्हती. मग बाईने दोन्ही हात पुढे करून हवेतच पोळी लाटून दाखवली. तिला पोळपाट-लाटणं हवं होतं. स्वतःच्या पोरांना स्वतःच्या हातचं करून घालायचं होतं. आजीने दुसऱ्या दिवशी घरातलंच पोळपाट-लाटणं, कोळशाची शेगडी आणि कणीक नेऊन दिली. पुढच्या खेपेला आजीचा जुना डबा परत आला तो भरलेला, आत कोकी, म्हणजे कांदा-मिरची घातलेली जाड सिंधी पोळी. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्याकडेही होतंच. आजी सांगायची, त्या दिवशी ती पहिल्यांदा मान वर करून बोलली.

सगळं गोड नव्हतं, तेही सांगते. लोकलमध्ये वस्तू स्वस्तात विकतात म्हणून आमच्याच आळीतले लोक कुरकुरायचे. 'निर्वासित' हा शब्द शिवीसारखा वापरलेला माझ्या आईने ऐकलाय.

म्हणून माझं मागणं इतकंच: आधी विचारा, मग न्या. पुलावाची पातेली पोचवायला रोज वेगळी माणसं नकोत. दोन घरांनी वर्षभर जबाबदारी घ्यावी, तेच चेहरे दिसू देत. त्यांनी चहा पुढे केला तर 'नको नको' करू नका, प्या. तिकडे काय घडलं ते उकरून विचारू नका. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आईला डॉक्टरकडे नेताना मुलाला दुभाषा करू नका; पोराने आईचं दुखणं डॉक्टरला सांगायचं, हे दोघांनाही जड जातं. दुभाषा फोनवर मिळतो, संस्थेला विचारा.

आणि भाऊ, आपण ज्या देशात राहतो तिथे १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, कंबोडिया, लाओसमधून ६० हजार माणसं आली. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची जबाबदारी चर्चनी आणि साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गट करून उचलली होती. १९८६ मध्ये निर्वासितांच्या सेवेसाठीचं नान्सेन पदक कॅनडाच्या सगळ्या जनतेला मिळालं. आपण आलो तेव्हा त्या जनतेनेच आपल्याला गणपतीला शाळेचा हॉल दिला.

प्रेषक: सचिव

काकू, पत्र दोनदा वाचलं. काल आम्ही दोघं जाऊन आलो. दुभाष्याची फार गरज पडली नाही; दुकान, दरवाजा, हवा, चाय, इतके शब्द सामायिक निघाले की धाकटी त्यातच रमली. त्यांच्या आजींना विचारलं, काय हवं? त्यांनी शिट्टीचा आवाज काढून दाखवला. प्रेशर कुकर! मोठा, सहा माणसांचा भात एकदम होईल असा.

प्रेषक: सभासद, नेरूळ

उद्या वाशीला जातोच आहे. साडेसात लिटरचा घेतो, दोन जादा रिंगा आणि एक शिट्टीही. त्यांच्याकडे शेगडी गॅसची आहे की विजेची, तेवढं आज रात्री कळवा.