दोष चित्रपटाचा की प्रतीचा?
जुने भयपट तरुणांना संथ वाटतात, म्हणून ते नव्याने संकलित करून दाखवावेत, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. पुष्कळदा दोष चित्रपटाचा नसून समोर आलेल्या प्रतीचा असतो. १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूक भयपटातील रात्रीची दृश्ये दिवसाउजेडी चित्रित करून, रात्र भासावी म्हणून फिल्मला निळी छटा दिली होती, पुढे वर्षानुवर्षे त्याच्या निव्वळ कृष्णधवल प्रती फिरत राहिल्या आणि सूर्यप्रकाशाने मरणारा रक्तपिपासू काउंट त्यांत लख्ख उजेडात शवपेटी उचलून हिंडताना दिसू लागला. त्यावर नवे प्रेक्षक हसले, तर त्यांना बोल कसा लावणार? मूळ छटा परत आणलेली प्रत काळोख्या सभागृहात, वाद्यवृंदाच्या प्रत्यक्ष साथीने दाखवावी. तिच्यात एकही दृश्य कापण्याची गरज मला वाटत नाही.