नवीन मंडळीला (चर्चला) पैसे पाठवले की आपली जबाबदारी संपली?

पाऊलवाट: काल इथे एका भावाने लिहिलं, "दानार्पणाचा ठरलेला हिस्सा नवीन मंडळीला द्या, उपासनेत तिच्यासाठी प्रार्थना करा, त्यापलीकडे ती सुरू करणाऱ्या मातृमंडळीचं काम नाही." राहवलं नाही म्हणून लिहितोय. बायबलमधल्या अंत्युखियाच्या मंडळीने काय केलं? उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) या आपल्या शिक्षकांनाच रवाना केलं. आपण मात्र वादक, संडे स्कूलचे शिक्षक, हिशेब जाणणारी माणसं स्वतःकडे ठेवतो आणि नवी मंडळी उभारायला नवख्या सेवकाला एक माईक देऊन एकट्याला धाडतो. माणसं द्या. पाच-सहा कुटुंबं तरी द्या.

खजिनदार: तो भाऊ मीच. आमच्यातून कुटुंबं गेली तेव्हा दानार्पण इतकं खाली आलं की पाळकांचा (आमच्या धर्मगुरूंचा) पगार दोन हप्त्यांत द्यावा लागला. पाळकांना ते सांगायला मलाच जावं लागलं. आणि पौल थेस्सलनीकात असताना फिलिप्पैच्या मंडळीने पैसे पाठवून त्याची गरज भागवलीच ना? तीही एकदा नाही, दोनदा. पैशाला कमी लेखू नका.

जुना डीकन: पैशानेच घात होतो. 19व्या शतकात हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन हे मिशन संस्थांचे चिटणीस सांगून गेले: मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा. आम्ही एका मंडळीचं भाडं "आणखी एकच वर्ष" म्हणत भरत राहिलो. आधी सांगून दर सहामाहीला रक्कम कमी करत गेलो, तेव्हा कुठे त्यांनी स्वतःचा खजिनदार निवडला.

लुदिया: सगळे सेवकाच्या पगारावर बोलताय. त्याच्या बायकोचं काय? माझ्या धाकट्या बहिणीला नोकरी सोडायला लावली, कारण "पाचारण (देवाचं बोलावणं) दोघांना आहे". खुर्च्या मांडायच्या, मुलांचा वर्ग घ्यायचा, प्रभुभोजनाचे पेले धुवायचे, आजाऱ्यांना भेटायला जायचं. कमिटीच्या कागदावर मात्र पगार एकाचाच.

खजिनदार: ताई, पाचारण म्हणजे नोकरी नव्हे. प्रत्येक सेवेचा मोबदला लावत बसलो तर मंडळी चालणार कशी?

लुदिया: मग नवऱ्याला तरी पगार का देता? फुकटचं पाचारण बायकांच्याच वाट्याला का? प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर तंबू करायची आणि तिच्याच घरात मंडळी भरायची. कमाई सोड असं पौल तिला कधी म्हणाला?

जुना डीकन: धागा मंडळी स्थापनेचा आहे. घरची गाऱ्हाणी दुसरीकडे मांडा.

लुदिया: घरची? ती आजारी पडली त्या रविवारी मुलांचा वर्गच भरला नाही. तुमची मंडळी तिच्याच जिवावर उभी होती, डीकनसाहेब.

पाऊलवाट: मी म्हणतोय ते हेच. सोबत कुटुंबं असती तर तो वर्ग दुसऱ्या कोणीतरी घेतला असता.

लुदिया: दुसऱ्या बाईनेच ना? खुर्च्या आणि पेले पुरुष उचलणार असतील तर तुमचं म्हणणं मान्य.

खजिनदार: बरं, पुढच्या अंदाजपत्रकात सेवकाच्या पत्नीचं मानधन वेगळं दाखवतो. तेवढं ताईंचं बरोबर आहे. कुटुंबं पाठवायला मात्र मी अजून हो म्हटलेलं नाही. इथली घट कोण भरून काढणार, ते आधी ठरवा.

जुना डीकन: मानधन लिहा. मदत कधी बंद होणार ती तारीखही त्याच कागदावर लिहा.