युक्तिवाद संपल्यावर न्यायाधीशांनी संगणकावर शोधलेला निवाडा: चालेल का?

तालुका_वकील
वहिवाटीच्या वाटेचा दावा. दोन्हीकडचा युक्तिवाद झाला, निकालाची तारीख पडली. निकालपत्र हातात आलं तर त्यात उच्च न्यायालयाचा एक निवाडा, जो मीही दिला नव्हता आणि समोरच्या वकिलांनीही नाही. साहेबांनी मागाहून संगणकावर शोधलेला. मूळ निवाडा काढून वाचला. तिथे वाट खरेदीखतातच लिहून दिलेली. माझ्या अशिलाचा हक्क वीस वर्षांहून जास्त वहिवाटीचा, म्हणजे सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याचा हक्क) कायद्याच्या कलम १५ चा. हा फरक सांगायला दोन मिनिटं पुरली असती, पण ती मिळालीच नाहीत. संगणक कोर्टात हवाच. पण नवा निवाडा सापडला तर दोन्ही वकिलांना बोलावून ऐकून घ्या.

नागपूरकर
वकीलसाहेब, नाही पटलं. पूर्वीही न्यायाधीश रात्री घरी ए.आय.आर.चे (छापील निवाडे-संग्रहाचे) खंड काढून बसायचे, तेव्हा कुणी बोलावत होतं का? कायदा शोधणं हे त्यांचं कामच आहे. दर निवाड्याला तारीख द्यायची तर दावे आणखी रेंगाळतील. आणि संगणकाचा फायदाही बघा. एकदा आमच्या बार रूममध्ये मला हवा होता तो खंड मिळाला, पण नेमकं पान ब्लेडने कापून नेलेलं. जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहावर सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे फुकट मिळतात, सुरुवातीलाच सुमारे ३४ हजार होते. शहरातल्या बड्या वकिलाकडे जे आहे ते आता माझ्याकडेही आहे.

ज्युनिअर_ताई
नागपूरकर दादा, २०२३ चं न्यूयॉर्कचं माता विरुद्ध एव्हियांका प्रकरण बघा. चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे वकिलांनी कोर्टात दिले. पाच हजार डॉलर दंड झाला. ते उघडकीस आलं कारण समोरच्या वकिलांनी शोधले आणि सापडले नाहीत. न्यायाधीशांनी एकट्याने शोधलेलं कोण तपासणार? केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांना बजावलंय की निष्कर्ष काढायला एआय वापरायचं नाही.

नागपूरकर
ताई, एआय वेगळं आणि मूळ निवाड्यांचा शोध वेगळा, गल्लत नको. वकीलसाहेब, अपिलात हा मुद्दा घ्याच. पण नुसत्या त्यावर निकाल फिरेल असं वाटत नाही. वहिवाटीचा पुरावा काय आहे?

तालुका_वकील
शेजारचे दोन म्हातारे शेतकरी, आणि मोजणीच्या जुन्या नकाशात ठिपक्यांनी दाखवलेली वाट. उलटतपासणीत दोघेही हलले नाहीत.