मुद्दाम स्वतःवरच गोल मारून पुढे गेलेली टीम: हे खरं आहे का? आणि असे अजून किस्से सांगा

कॉर्नरफ्लॅग:
मंडळी, बार्बाडोस विरुद्ध ग्रेनाडा, १९९४, या मॅचबद्दल वाचलं आणि डोकंच चक्रावलं. म्हणजे एक टीम जिंकत असताना शेवटच्या मिनिटांत मुद्दाम स्वतःवर गोल मारते, मग समोरची टीमपण स्वतःच्याच गोलकडे धावत सुटते, आणि पहिली टीम मैदानाच्या दोन्ही टोकांना उभी राहून दोन्ही गोल वाचवते?? हे खरंच झालंय का कोणीतरी रचून सोडलंय? झालं असेल तर रेफ्रीने काहीच कसं केलं नाही, आणि कोणाला शिक्षा कशी नाही झाली? जिथे वाचलं तिथे अर्धवटच होतं, कोणी आकडे मांडून नीट समजावेल का.

आणि असे अजून किस्से असतील तर येऊ द्या, फक्त खरे हवेत. मॅराडोनाचा हात, झिदानची धडक, अली डियाचा तो फोन हे नकोत, ते सगळ्यांना पाठ झालेत.

नेटमागचा:
शंभर टक्के खरं आहे. २७ जानेवारी १९९४, कॅरिबियन कपची क्वालिफाइंग मॅच. सगळा घोळ स्पर्धेच्या नियमात होता त्यामुळे आधी तो बघ. कुठलीच मॅच ड्रॉ ठेवायची नाही, बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम, तिथे पहिला गोल मारेल तो जिंकला म्हणजे गोल्डन गोल, इथपर्यंत ठीक आहे. पण यांनी वर असं ठरवलं की तो गोल्डन गोल दोन गोल म्हणून धरायचा.

आता ग्रुप बघ. तीन टीम, पुढे जाणार एकच. पोर्तो रिकोने बार्बाडोसला १-० हरवलेलं. ग्रेनाडाने पोर्तो रिकोला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवलं, गोल मारला एक पण कागदावर २-०. म्हणजे शेवटच्या मॅचआधी गोलफरकात ग्रेनाडा अधिक दोनवर, बार्बाडोस उणे एकवर. बार्बाडोसला नुसतं जिंकून भागत नव्हतं, दोन गोलच्या फरकाने जिंकायचं होतं. एकाच गोलने जिंकले तर ग्रेनाडा पुढे.

बार्बाडोस २-० वर होते, सगळं त्यांच्या मनासारखं चाललेलं, आणि ८३ व्या मिनिटाला ग्रेनाडाने गोल मारला. २-१. आता उरलेल्या वेळात तिसरा गोल मारायला गेले तर ग्रेनाडाचे सगळे मागे येऊन बसलेले. पण मॅच २-२ झाली तर? एक्स्ट्रा टाइमची तीस मिनिटं मिळतात आणि त्यात एक गोल मारला की थेट ४-२, म्हणजे हवा तो दोनचा फरक. मग ८७ व्या मिनिटाला डिफेंडर सीली आणि गोलकीपर स्टाउट आपल्याच गोलसमोर एकमेकांना पास देत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि सीलीने बॉल आपल्याच जाळ्यात मारला. २-२.

ग्रेनाडाला थोडा वेळ लागला पण कळलं. ३-२ ने जिंकले तरी ते पुढे, ३-२ ने हरले तरी तेच पुढे! म्हणून ते कुठल्याही गोलमध्ये बॉल घालायला धावले आणि बार्बाडोसचे अर्धे खेळाडू स्वतःच्या गोलसमोर, अर्धे ग्रेनाडाच्या गोलसमोर जाऊन उभे राहिले. शिट्टीपर्यंत वाचवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये ट्रेव्हर थॉर्नने गोल्डन गोल मारला, ४-२, बार्बाडोस पुढे. कोणी नियम मोडलाच नव्हता तर शिक्षा कशाची करणार. ग्रेनाडाचे कोच जेम्स क्लार्कसन मॅचनंतर भयंकर चिडले होते, हा नियम ज्याने केला त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाका अशा अर्थाचं बोलले, आणि मला तर त्यांचं शंभर टक्के पटतं.

डावी_विंग:
मस्त समजावलंत नेटमागचा. पण शिक्षा व्हायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःवर मुद्दाम गोल म्हणजे खेळाचा अपमान आहे, नियमात बसो नाहीतर न बसो. आणि शिक्षा करता येते, हे पुढे झालेलं आहे. १९९८ चा टायगर कप, हो ची मिन्ह सिटी, थायलंड विरुद्ध इंडोनेशिया. दोघं आधीच सेमीफायनलला पोचलेले. या मॅचमध्ये जो जिंकेल त्याला हनोईला जाऊन यजमान व्हिएतनामशी खेळायचं होतं आणि जो हरेल त्याला तिथेच सिंगापूरशी. दोघांनाही सिंगापूर सोपं वाटत होतं. त्यामुळे जिंकायचंच नाही कोणाला. २-२ असताना शेवटी शेवटी इंडोनेशियाच्या मुर्सिद एफेंदीने सरळ आपल्या गोलमध्ये बॉल मारला, आणि तेव्हा थायलंडचे खेळाडू त्याला अडवायला धावत होते, म्हणजे समोरच्या टीमचा गोल वाचवायला!! ३-२ ने थायलंड 'जिंकलं'. दोन्ही देशांना प्रत्येकी ४०,००० डॉलर दंड झाला आणि एफेंदीला आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून कायमची बंदी.

पुढचं ऐका. सेमीफायनलला थायलंड व्हिएतनामकडून ३-० हरलं, इंडोनेशिया त्याच 'सोप्या' सिंगापूरकडून २-१ हरलं, आणि कप नेला सिंगापूरने.

लिबेरो:
डावी_विंग, किस्सा भारी पण दोन्ही एकाच पारड्यात घालू नका. बार्बाडोस पुढे जाण्यासाठी खेळत होतं, त्यांना ती मॅच जिंकायचीच होती आणि त्यांनी ती जिंकली. थायलंड-इंडोनेशियाला हरायचं होतं. मैदानात उतरून हरायचा प्रयत्न करणं हे वेगळं पाप आहे, तिथे तिकीट काढून आलेल्या माणसाला तुम्ही खोटी मॅच दाखवताय. बार्बाडोसच्या मॅचमध्ये उलट शेवटची सात-आठ मिनिटं सगळे जीव तोडून खेळत होते, फक्त दिशा उलटसुलट झाली होती.

माझा राग सगळ्यात जास्त १९८२ च्या वर्ल्डकपवर आहे, हिहोन, २५ जून, पश्चिम जर्मनी विरुद्ध ऑस्ट्रिया. अल्जीरियाने पहिल्याच मॅचमध्ये जर्मनीला २-१ हरवून सगळ्यांना हादरवलेलं, आणि अल्जीरियाची शेवटची मॅच आदल्या दिवशी होऊन गेलेली. म्हणजे या दोघांना मैदानात उतरताना नेमकं गणित माहिती होतं, जर्मनी एक किंवा दोन गोलने जिंकली की दोघंही पुढे, अल्जीरिया घरी. १० व्या मिनिटाला हृबेशने गोल मारला आणि पुढची ऐंशी मिनिटं नुसते पास, मागे, आडवे, परत मागे. कोणी पुढे जायलाच तयार नाही. अल्जीरियाचे प्रेक्षक स्टँडमधून नोटा दाखवत होते की घ्या, विकले गेलात. तक्रार केली, काही झालं नाही कारण इथेही नियम मोडला नव्हता. पण एक झालं, १९८६ पासून ग्रुपच्या शेवटच्या दोन मॅच एकाच वेळी सुरू होतात. आपण आज दोन स्क्रीन लावून बघतो ना ते अल्जीरियामुळे.

इंज्युरी_टाइम:
+१ लिबेरो. हिहोन हा कलंकच आहे.

१४९-० कोणी टाकलं नाही अजून? मादागास्कर, ३१ ऑक्टोबर २००२, एएस आदेमा विरुद्ध एसओ लेमिर्न. हे लोक 'जगातली सगळ्यात वाईट टीम' म्हणून शेअर करतात ते बघून त्रास होतो कारण हरलेली टीम आदल्या वर्षीची चॅम्पियन होती! आधीच्या मॅचमध्ये त्यांच्याविरुद्ध शेवटी शेवटी वादग्रस्त पेनल्टी दिला, २-२ झालं आणि त्यांचं विजेतेपद गेलं. निषेध म्हणून पुढच्या मॅचमध्ये त्यांनी किक-ऑफपासून स्वतःच्याच जाळ्यात गोल मारायला सुरुवात केली आणि शिट्टीपर्यंत थांबलेच नाहीत. आदेमाचे खेळाडू नुसते उभे राहून बघत होते. नव्वद मिनिटांत १४९ म्हणजे दर ३६ सेकंदांना एक, सेंटरला बॉल ठेवा, मागे न्या, मारा, परत ठेवा. कोचला तीन वर्षांची बंदी आणि काही खेळाडूंनापण शिक्षा झाली. मला विचाराल तर पेनल्टी चुकीचा दिला म्हणून एवढं करायला नको होतं, तिकीट काढून आलेल्यांचा काय दोष. पण चेष्टेचा विषय मात्र तो नक्कीच नाही, ती टीम संतापलेली होती.

खरोखर खेळून झालेला मोठा स्कोअर हवा असेल तर १८८५ सालचा स्कॉटिश कप, आर्ब्रोथ ३६, बॉन अकॉर्ड ०. आणि त्याच दिवशी त्याच स्पर्धेत डंडी हार्पने ॲबरडीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. असं सांगतात की रेफ्रीच्या वहीत ३७ होते पण हार्पच्याच माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं की आमच्या हिशोबाने ३५ झालेत, आणि ३५ लिहिले गेले. त्यामुळे रेकॉर्ड आर्ब्रोथकडे.

कॉर्नरफ्लॅग:
बाप रे, ३५ वाला किस्सा माहितीच नव्हता! आपलेच दोन गोल कमी करून सांगायचे, केवढा सच्चेपणा.

नेटमागचा, आता कुठे सगळं डोक्यात शिरलं, धन्यवाद. पण मग माझा रेफ्रीवाला प्रश्न तसाच राहिला. समोर चुकीचं घडतंय हे सगळ्यांना दिसतं तरी रेफ्रीचे हात बांधलेले, असं अजून कुठे झालंय का?

चौथा_पंच:
झालंय की, जर्मनीतच दोनदा, आणि फेडरेशनने दोन्ही वेळा एकमेकांच्या उलट निर्णय दिले.

१९९४, बायर्न विरुद्ध न्यूर्नबर्ग. थॉमस हेल्मरने अगदी गोलजवळून बॉल पोस्टच्या बाहेर घालवला, स्टेडियममध्ये प्रत्येकाला दिसलं, लाइन्समनने मात्र गोल दिला. बायर्न २-१ जिंकलं. न्यूर्नबर्गला शेवटी पेनल्टी मिळाला होता तोही श्वाब्लने घालवला. तक्रार केली, जर्मन फेडरेशनने मॅच परत खेळवली. न्याय झाला म्हणावं तर परत खेळलेली मॅच न्यूर्नबर्ग ५-० हरलं आणि सीझनअखेर गोलफरकावर खालच्या डिव्हिजनला गेलं. पहिल्या मॅचमधल्या त्या पेनल्टीवर गोल झाला असता तर एका पॉइंटने वाचले असते.

२०१३, हॉफेनहाइम विरुद्ध लेव्हरकुझेन. किसलिंगचा हेडर बाहेर गेला, त्याने स्वतः डोक्याला हात लावला, आणि मग बघतो तर बॉल जाळ्यात! बाजूच्या जाळीला भोक होतं, त्यातून बॉल आत शिरला. रेफ्री ब्रिखने गोल दिला. यावेळी मात्र फेडरेशनच्या कोर्टाने मॅच परत खेळवायला नकार दिला, मैदानावर रेफ्रीने जे ठरवलं ते अंतिम, निकाल २-१ कायम. मला दुसरा निर्णय बरोबर वाटतो, ऐकायला कठोर वाटेल, पण एक मॅच परत खेळवली की प्रत्येक चुकलेल्या ऑफसाइडसाठी लोक कोर्टात जातील. म्हणून तर मॅचआधी जाळी हाताने ओढून तपासायची असते, ते काम दिखाऊ नाहीये. बुंडेसलीगाने पुढे २०१५ पासून गोल-लाइन टेक्नॉलॉजी आणली.

याच्या उलट २००९ चा संडरलंड-लिव्हरपूल मॅचमधला बीच बॉल. तिथे रेफ्रीचे हात बांधलेले नव्हते. डॅरेन बेंटने मारलेला शॉट मैदानात आलेल्या लाल बीच बॉलला लागून दिशा बदलून आत गेला, गोलकीपर रेनाच्या समोर दोन-दोन बॉल. नियम स्पष्ट होता, बाहेरची वस्तू मध्ये आली तर खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉल द्यायचा. गोल दिला गेला आणि संडरलंड १-० जिंकलं. बॉल लिव्हरपूलच्याच एका प्रेक्षकाकडून आला होता हा भाग वेगळा, त्याने नियम बदलत नाही.

डावी_विंग:
आणि माइन्झ-फ्रायबर्ग २०१८! हाफटाइमची शिट्टी झाली, खेळाडू आत गेले, आणि व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीने, सांगितलं की फ्रायबर्गचा हँडबॉल होता. फ्रायबर्गवाल्यांना ड्रेसिंग रूममधून परत बाहेर बोलावलं, माइन्झने पेनल्टी मारला, गोल, आणि मग सगळे पुन्हा हाफटाइमला आत. नियमाप्रमाणे अगदी बरोबर, तरी बघवत नव्हतं.

लिबेरो, तुमचा मुद्दा पटला, हरायला खेळणं जास्त वाईट. तरी बार्बाडोसचं मला आवडलेलं नाहीच, ग्रेनाडाने काय वाईट केलं होतं.

इंज्युरी_टाइम:
बातम्यांमध्ये मला सगळ्यात अजब वाटलेली टोगोची. सप्टेंबर २०१० मध्ये बहरीनने टोगोला ३-० हरवलं, आणि मग टोगोकडून कळलं की आमची टीम तिकडे गेलीच नव्हती! अख्खी टीमच नकली. बहरीनच्या कोचला मैदानावरच संशय आलेला कारण समोरच्यांना नव्वद मिनिटं धड पळताही येत नव्हतं. टीम नेणाऱ्या कोचला तीन वर्षांची बंदी झाली.

आणि २०२० मध्ये स्कॉटलंडला इन्व्हरनेसच्या मॅचमध्ये बॉलच्या मागे आपोआप फिरणारा एआय कॅमेरा लावला होता, तो लाइन्समनच्या टकलालाच बॉल समजून त्याच्या मागे फिरत राहिला. प्रेक्षकांना बंदी होती त्या काळात, लोक घरून बघत होते आणि गोल कॅमेऱ्याबाहेर. कॉमेंटेटर बिचारा माफी मागत होता.

कॉर्नरफ्लॅग:
चौथा_पंच, एक शेवटची शंका. सीलीने चालू खेळात मारला म्हणून तो गोल धरला. पण समजा टीमने स्वतःच्या फ्री किकवरून थेट आपल्याच गोलमध्ये मारला असता तर?

चौथा_पंच:
चांगला प्रश्न. गोल होत नाही, समोरच्या टीमला कॉर्नर मिळतो. थ्रो-इनचंही तेच, थेट आपल्या गोलमध्ये गेला तर कॉर्नर. मध्ये कोणाचा स्पर्श झाला तर मात्र गोल.

यावरूनच सप्टेंबर २००२ मध्ये बर्मिंगहॅम-ॲस्टन व्हिला मॅचमध्ये केवढा गोंधळ झाला होता. व्हिलाच्या मेलबर्गने थ्रो-इन आपल्याच गोलकीपरकडे, एंकलमनकडे टाकला. त्याने पाय पुढे केला आणि बॉल बुटाखालून सरकत गोलमध्ये. आता बुटाला लागला का नाही यावर सगळं अवलंबून, लागला तर गोल, नाही लागला तर साधा कॉर्नर. त्या वेळी एंकलमनने डोकं धरलं, आणि ते बघून बहुतेकांना वाटलं की लागलाच असणार. रेफ्री एलरेने गोल दिला. रिप्ले कितीही बघितले तरी आजही दोन्ही बाजूचे लोक भांडतात. बर्मिंगहॅम ३-० जिंकलं.

नेटमागचा:
मी तो रिप्ले बघितलाय. माझ्या मते नव्हता लागला.

लिबेरो:
लागला होता. बॉलचा स्पिन बघा, बुटाजवळ थोडा बदलतो.