मदत हवी आहे: जर्मन मैत्रिणीचा टुरिस्ट ई-व्हिसा, मुक्काम कोल्हापुरात आमच्याच घरी

नमस्कार मंडळी, माझी गर्लफ्रेंड जर्मन आहे, अजून लग्न नाही, डिसेंबरमध्ये 3 आठवडे येणार आणि आमच्या राजारामपुरीतल्या घरीच राहणार. आईनं आत्तापासूनच पांढरा रस्सा तरी झेपंल का तिला म्हणून डोकं खाल्लंय, पण व्हिसाचं अजून कशात काही नाही.

30 दिवसांचा ई-व्हिसा काढावा की 1 वर्षाचा? पुढच्या वर्षी गणपतीत परत यायचं म्हणतीय, म्हणून मला 1 वर्षाचा बरा वाटतोय. काल रात्री व्हिडिओ कॉलवर फॉर्म भरत होतो तर अंगावरची ओळखखूण विचारली, ती म्हणे हे कशाला, मग शेवटी हनुवटीवरचा तीळ लिहिला. पासपोर्टचं स्कॅन 300 केबीच्या आत बसवण्यात अर्धा तास गेला तो वेगळाच. आता गाडी अडकलीय भारतातल्या रेफरन्सवर. तिथं माझं नाव-पत्ता दिला तर चालतंय का? का उगंच नातं काय म्हणून विचारत बसतील, त्यापेक्षा हॉटेलचं बुकिंग दाखवू? खोटं लिहायचं नाही एवढं नक्की.

दुसरं म्हणजे फॉर्म सी, म्हणजे परदेशी पाहुणा आपल्याकडं राहतोय याची सरकारला द्यायची माहिती. ती घरी पोचल्यावर 24 तासांत ऑनलाईन भरायचा हे माहितीय, पण हॉटेलवाल्यांचं ठीक आहे, आपल्यासारख्या घरगुती माणसानं कोल्हापुरात कुणी भरलाय का? पोलिसांकडं जायला लागलं का, घराची कागदपत्रं मागितली का? घर वडिलांच्या नावावर आहे. उतरणार मुंबईलाच, तिथनं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आणतोय.

कुणी केलं असेल तर सांगा राव, तिकीट अडलंय.